वाढायचं, पण मोठं व्हायचं नाही

— नाही, नाही, तिथे नको बसूस, ती साहेबांची खुर्ची आहे, आणि गरम लागली तर दिवसभर विचारत बसतात, कोण बसलं होतं म्हणून. इकडे ये, या स्टुलावर. खोका पायाशी ठेव. आतला गारवा बघून घेतलास? बघितलास म्हणतोस — मग परत एकदा बघ, माझ्यासमोर. हं. तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या जावयाएवढा आहेस, आणि त्यालाही मी पहिल्याच दिवशी तू म्हटलं होतं, अजून मनात धरून आहे तो. आणि हे मॅडम-मॅडम बंद कर. या लॅबमध्ये सगळे मला ताई म्हणतात. वय मावशीचं आहे, ठाऊक आहे मला, घरी आरसा आहे — पण मावशी म्हणालास तर खोका रिकामाच परत नेशील, सांगून ठेवते.

घाई कसली? रस्त्यात गर्दी होईल — अरे, गर्दी रोजचीच आहे, ती तुझ्यासाठी थांबेल. त्या भिंतीतल्या खिडकीवरचा दिवा बघ. लाल आहे ना? आत साहेब शेवटची तपासणी करतायत — पिशवीत एखादा जंतू लपून बसलाय का, पेशी जिवंत किती, मेलेल्या किती. दिवा हिरवा झाला की मी खिडकी उघडायची, पिशवी तुझ्या खोक्यात ठेवायची, आणि तू तडक हॉस्पिटल गाठायचं. तोवर तू आणि मी. तुझ्या आधी जे काका गाडी चालवायचे ना, ते याच स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या काढायचे आणि दिवा लागला की बरोबर जागे व्हायचे, कसे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. निवृत्त झाले बिचारे. तू काही झोपणाऱ्यातला दिसत नाहीस, सारखा फोन बघतोस. — बायको? — बरी आहे ना? — अच्छा. अच्छा, म्हणून चेहरा असा उतरलाय होय, मला वाटलं मीच काही लागेल असं बोलले. कितवा? सातवा. मग अजून वेळ आहे. आत्तापासून नखं खाल्लीस तर नवव्यात काय खाणार?

बरं, खोक्यातून काय न्यायचंय ते तरी ठाऊक आहे का तुला? — रक्त. रक्त म्हणे. रक्त न्यायला कोणीही चालतो, त्याला तुझ्यासारखा इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस लागत नाही. हे नाळेतलं रक्त आहे. म्हणजे बघ — बाळ जन्मलं, नाळ कापली, आणि मग त्या नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं, चहाच्या कपात मावेल इतकं. पूर्वी ते टाकूनच द्यायचे, आणि बऱ्याच ठिकाणी अजून देतात. पण त्या कपभर रक्तात मूळपेशी असतात, ज्यांच्यातून माणसाचं सगळं रक्त तयार होतं, त्या. एखाद्याच्या हाडातला रक्ताचा कारखाना बिघडला की डॉक्टर आधी औषधं देऊन तो सगळा रिकामा करतात आणि मग या नव्या पेशी सोडतात, की बायांनो, आता तुम्ही संसार मांडा. आईबाप नाळ दान करतात, आम्ही ती पिशवी गोठवून टाकीत ठेवतो. बाहेर काढतो तेव्हा फरशीच्या तुकड्यासारखी कडक असते. पण मेख अशी, की ते रक्त बाळाच्या मापाचं. लहान पोराला पुरतं, मोठ्या माणसाला पुरत नाही. या वेळचा पेशंट कोण ते मला माहीत नाही, नियमच आहे तसा, आम्हाला फक्त वजन सांगतात — आणि वजनावरून सांगते, खात्यापित्या घरचा आहे. त्याला एवढ्याशा रक्ताने काय होणार? दाताच्या फटीत जाईल ते.

म्हणून मग ते इथे येतं. माझ्याकडे. पेशी वेगळ्या काढायच्या, उबेच्या कपाटात ठेवायच्या, खाऊ घालायचा आणि वाढवायच्या. — कठीण? वाढवणं कठीण नाही रे. ऊब द्या, खाऊ द्या, वाढतात. घोडं अडतं ते पुढे. वाढता वाढता मोठ्या होतात मेल्या. म्हणजे कसं, मूळपेशी लहान असते तोवर तिच्यातून काहीही होऊ शकतं, सगळं घराणं उभं करेल ती. पण एकदा मोठी झाली की एक काम धरते, तेवढं करते आणि संपते, तिच्यामागे काही उरत नाही. असल्या कितीही पाठवल्या तरी पेशंटला काय उपयोग, एक ना धड भाराभर चिंध्या. त्यामुळे आमचं सगळं कसब एवढंच, की त्यांनी वाढायचं, पण मोठं व्हायचं नाही. आता सांग मला, हे कुठल्या आईला जमलंय? मला घरी जमलं नाही. घरी एकच होती आणि तीही बघता बघता मोठी झाली, आणि एक दिवस सांगायला लागली की आई, तू मला मीठ किती घालायचं ते शिकवू नकोस.

हो, लेक. एकच. लांब असते, विमानाने जावं लागतं एवढी लांब. नातही आहे. आता चालायला लागली. रोज संध्याकाळी फोनवर दिसते मला — दिसते म्हणजे कधी नाक दिसतं, कधी छत दिसतं, कधी तोंडात घातलेला फोनच दिसतो. मला फोनआजी म्हणते. तिला खरंच वाटतं की मी फोनात राहते. परवा चमच्याने मला भरवत होती, काचेवर, सगळा फोन बरबटला, लेक ओरडली — आणि मी इकडे तोंड उघडून बसलेली. हस, हस. तुझं येऊ दे, मग बघते तुझं ध्यान. — जाते ना. म्हणजे जाणार आहे. ये म्हणते लेक, दर वेळी म्हणते. पण कपाटात काहीतरी असतंच रे. यांना रविवार कळत नाही, माझं डोकं दुखतंय ते कळत नाही, खाऊ वेळेवर लागतो म्हणजे लागतो. दुसऱ्या मुली आहेत इथे, चांगल्या आहेत, पण त्या आपल्या घड्याळ बघून खाऊ घालतात, पेशी बघून नाही. लेक म्हणते, आई, तुझी खरी पोरं त्या कपाटात आहेत. म्हणू दे. राग सदा नाकावर असतो तिच्या. माझ्यावरच गेलीये.

तुझं सांग. नाळेचं काय ठरवलंयस? — काहीच नाही? म्हणजे फेकून देणार. अरे, या दारात रोज खोका घेऊन येणार आणि स्वतःच्या घरची नाळ फेकणार, दिव्याखाली अंधार तो हाच. ऐक. आजच घरी गेल्यावर बायकोला विचार. विचार म्हणते, सांग नाही म्हणत. नाळ तिची आणि बाळाची, तू मधे कोणी नाहीस — तिने हो म्हटलं तर डॉक्टरांना आधी कळवायचं, नाही म्हटलं तर गप्प बसायचं आणि भांडी घासायची. आणि हो म्हटलं तर त्या दिवशी तुझं एक काम. बाळ आलं, नाळ कापली, की सिस्टर त्या नाळेच्या शिरेत सुई घालते आणि रक्त पिशवीत उतरतं. ती पिशवी तेव्हा हलवत राहावी लागते, हळूहळू, पाळण्यासारखी, म्हणजे आतलं औषध सगळीकडे लागतं आणि रक्त गोठत नाही. पण होतं काय, बाळ रडलं की सगळ्या तिकडे वळतात. मुलगा की मुलगी, नाक कुणाचं, हनुवटी कुणाची — आणि पिशवी बिचारी तशीच पडून. मग गाठी, मग आम्ही इकडे डोक्याला हात लावून बसायचं. तर तू काय करायचंस, बाळाकडे बघायचं नाही, सिस्टरच्या हाताकडे बघायचं. हलवतेय की नाही. नसली हलवत तर सांगायचं. बाळ कुठे पळून जात नाही, त्याचं तोंड जन्मभर बघायचंय तुला. नाळेकडे घटकाभराचाच वेळ असतो.

बघच तू, नीट घेतलेली पिशवी कशी असते ते. ही आतली, आजची, हीच घे — टम्म भरलेली, एक गाठ नाही, आणि अशी कोमट, की पोटाशी धरली तर वाटावं आत कोणीतरी — काय? — हो, टाकीतूनच येते. गोठलेली, हो. फरशीसारखी, हो, मीच म्हणाले मघाशी. — मग कोमट कुठली. बरोबर आहे. तू वकील व्हायचंस, ड्रायव्हर कशाला झालास? मी आपली सगळ्यांबद्दल बोलत होते. सगळ्याच कोमट असतात आधी. — बघतोस काय असा. तुझ्या बायकोशी खोटं बोलून बघ एकदा, मग कळेल माझी काय हालत आहे ते.

बरं, ऐक, आणि पोटात ठेव. इथे नावगाव काही नसतं. कोणाची नाळ, कोणाला जाणार, काही नाही, पिशवीवर फक्त एक आकडा. चांगलाच नियम आहे. पण ज्या बाईने तो आकडा आपल्या हाताने पिशवीवर चिकटवला, तिने तो कसा विसरायचा, हे नियमात लिहिलेलं नाही. लेकीच्या बाळंतपणात मी आत होते. नाळ द्यायची हे तिने आधीच ठरवलं होतं, माझ्याकडे बघून ठरवलं असणार. बाळ आलं. सगळे तिकडे वळले. आणि मी — सवय ना, हाताला सवय असते — मी पिशवीकडे. सिस्टर हलवत नव्हती. मी म्हटलं हलवा, अहो हलवा, आणि तिच्या हातातून घेतलीच. उजेडात धरून गाठ आहे का बघतेय, किती भरली ते बघतेय, हलवतेय, आणि पलंगावरून लेक म्हणाली, "आई, बाळ इकडे आहे."

हसून म्हणाली. म्हणजे, मला तेव्हा वाटलं, हसून म्हणाली.

मी म्हटलं आले, आलेच. आणि तुझ्या त्या काकांची गाडी नेमकी त्या दिवशी बंद पडलेली. पिशवी न्यायला कोणी नाही, मग काय, घेतली स्वेटरच्या आत आणि निघाले. रिक्षाभर पोटाशी धरून होते — तेव्हा कोमट लागली, समजलं का वकीलसाहेब? इथे आणून दिली, आकडा लावला, गोठवून टाकीत ठेवेपर्यंत रात्र गेली, परत गेले तोवर बाळाला कावीळ म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलेलं, हात लावायचा नाही. मग काचेतून बघितलं. मग इथे कपाटात कोणाचं तरी होतं, मला दोन दिवस निघता आलं नाही. मग ती सासरी गेली, मग जावयाची तिकडची नोकरी, मग विमान. दुधापेक्षा सायीवर जीव असतो म्हणतात ना, खरंय ते, पण माझी साय अजून माझ्या हातात आलेली नाही. एकदाही नाही. काचच आहे मधे, तेव्हापासून. आधी तिथली, आता फोनची.

आणि मग एक दिवस साहेब म्हणाले, टाकीतून अमुक पिशवी काढा, एका पेशंटला जुळलीये. आणि तोच आकडा. सांगायला हवं होतं मी. ओळखीचं असलं की काम दुसरीकडे द्यायचं असतं, तोंडापर्यंत आलं होतं — आणि मग मी हातमोजे घातले. नाही, नाही, कामात काही इकडचं तिकडे नाही हं, एकटीने इथे पिशवीला हात लावताच येत नाही, दुसरी कोणीतरी दर वेळी शेजारी उभी असते. काम चोख आहे. फक्त मी जरा जास्त बोलत होते त्यांच्याशी. खाऊ घालताना. थंडी वाजते का, पोट भरलं का, अशी. शेजारची म्हणाली, ताई, वय झालं तुमचं. मी म्हटलं हो. आणि काय वाढल्या सांगू, काय बाळसं धरलं एकेकीने, मायक्रोस्कोपखाली अशा गोल, चकचकीत — दृष्ट लागेल माझीच.

काल साहेब म्हणत होते, अजून थोड्या वाढू देऊ, एक दिवस थांबू. आणि मला काय पाहिजे होतं? मलाही तेच, एक दिवस. मग मी खाली बघितलं, आणि कडेला दोनचार जणी दिसल्या, जरा पसरट, जरा वेगळ्या. मोठ्या व्हायला लागल्या होत्या. अगदी दोनचारच, दुसऱ्या कोणाला दिसल्याही नसत्या. पण मी ओळखते ना. एक दिवस ठेवल्या असत्या तर माझ्याकडे जास्त झाल्या असत्या आणि त्या माणसाच्या कामाच्या कमी. मग मीच म्हटलं साहेबांना, नको, उद्या पाठवा, आणि गाडी मागवली. तू आलास. काकांपेक्षा वेळेवर आलास, तेही नेमकं आजच.

काय? — हिरवा झाला. हो, दिसला मला. मघाशीच झाला. मला काय डोळे नाहीत? मी आपली वाक्य पुरं करत होते. बस, बस, उठू नकोस लगेच, खोक्याचं झाकण सैल तर नाही ना ते बघ — नाही. बर्फ सरकला तर नाही — तोही नाही. बरं. हो रे, माहीत आहे मला, तिकडे एक माणूस हाडं रिकामी करून खाटेवर पडलाय, त्याच्या घरचे त्या खोलीच्या काचेला नाक लावून उभे असतील. मला काच म्हणजे काय ते शिकवू नकोस. उघडते खिडकी.

ही घे. दोन्ही हातांनी. अरे, अशी नाही, लोंबकळते ती, मानेखाली हात घाल — तळाला. तळाला धर म्हणतेय मी. पिशवीला कसली मान, मेली जीभ. हं. आता खोक्यात. आडवी. हळू. झाकायच्या आधी थांब जरा. थांब.

झाक आता.

खड्डे बघून चालव. खोका मागच्या सीटवर नाही, शेजारी, पट्टा लाव त्याला. गाणी लावलीस तर हळू लाव. वाटेत चहा नाही. त्या वॉर्डातल्या सिस्टरला म्हणावं — नको, काही म्हणू नकोस, तुला काय माहीत आहे? काहीच नाही. त्या माणसाचं रक्त पुढे तपासलं ना, तर ते बाळाचं निघेल, मुलीचं, ठाऊक आहे? मिशीवाला असेल चांगला. त्याला बिचाऱ्याला कळणारही नाही की आतून कोणीतरी फोनला चमचा लावतंय. बरा होऊ दे. लवकर बरा होऊ दे, एवढंच.

काय म्हणालास? — हो, झालं रिकामं कपाट. पुढची पिशवी कधी ते साहेब ठरवतील, आज तरी काही नाही. — मग जा म्हणतोस. हे बघा, अर्ध्या तासाची ओळख आणि मला विमानाला बसवायला निघालाय. तिकडे जाऊन करू काय मी, ती मला मीठ घालू देत नाही. — नातीला घेऊ म्हणतोस. घेईल का ती माझ्याकडे? फोनातून बाहेर आलेली आजी बघून भोकाड पसरेल. पसरू दे, नाही का? रडली तरी हातात रडेल. बघू. साहेबांना विचारते. विचारते म्हणजे सांगते.

थांब, एक राहिलं. मघाशी मी सांगितलं ना, सिस्टरच्या हाताकडे बघत राहा, पिशवी हलवते की नाही बघ — ते विसर. ते आमचं काम, आम्ही बघून घेऊ, आली एखादी गाठ तर आली. तू आधी बाळाचं तोंड बघ. बायकोबरोबर बघ, आणि ती काही म्हणाली तर वळून बघ.

आता जा. माझ्याकडे काय बघतोस, रस्त्याकडे बघ. दार ओढून घे जाताना.